हौदानं घेतलेली ऊब

माझा कॅलरीमापी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या माणसानं जीपमधल्या सगळ्यांना सांगितलं, की डब्यात पेढे आहेत.

जव्हारच्या डेपोसमोरून मोखाड्याला निघालेली जीप, आत चौदा माणसं, आणि मला मिळालेली जागा म्हणजे मागच्या बाकाचं टोक, तेही अर्धं. हातात लाकडी डबा. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या जव्हारच्या कार्यालयाला दोन वर्षं पत्रं लिहून लिहून मिळवलेला, उष्णता मोजायचा तांब्याचा कॅलरीमापी त्यात होता, आणि दोन थर्मामीटर. समोर बसलेल्या माणसानं माझी कसरत पाहिली, "द्या इकडं" म्हणाला आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. गळ्यातला मफलर काढून डब्याखाली घातला, वर दोन्ही हात ठेवले. इथवर सगळं ठीक होतं. पण शेजारच्या म्हातारीनं यात काय आहे विचारलं, तर हा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, पेढे, बाईंचं लग्न जमलंय.

म्हातारीनं मला तोंडभर आशीर्वाद दिला. मग पेढा मागितला. मी नाही म्हटल्यावर मोखाडा येईपर्यंत सगळी जीप मला चिक्कू समजून बघत होती. तो मात्र बाहेरच्या डोंगरांकडे बघत बसला होता, ओठ घट्ट मिटून. हसू दाबणाऱ्या माणसाचे ओठ मला ओळखू येतात. मी नववीच्या वर्गाला शिकवते.

"तुम्हाला काही वाटत नाही का?" उतरल्यावर मी विचारलं.

"वाटतं ना," तो म्हणाला. "पण डब्यावर लिहिलंय 'काच, जपून'. काच म्हटलं असतं तर एकेकानं उघडून बघितली असती. पेढे म्हटलं की माणूस नुसतं मागतो... हात घालत नाही."

त्याचं म्हणणं पटलं, म्हणून जास्तच राग आला. त्यानं डबा माझ्या हातात दिला, मफलर झटकून गळ्यात टाकला आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेला. डबा उघडून पाहिला. दोन्ही थर्मामीटर धड होते.

सोमवारी मुख्याध्यापकांनी नव्या अधीक्षकांची ओळख करून दिली. कमलेश. तोच. मी नमस्कार केला नाही, मान हलवली.

आमची आश्रमशाळा मोखाड्याच्या पुढं, पाड्यांच्या मधोमध. शिकवायचं काम आमच्याकडे आणि तिथं राहणाऱ्या मुलांचं जेवणखाण, आंघोळ, सरपण अधीक्षकाकडे. मुलींसाठी वेगळी अधीक्षिका असायला हवी, पण ती जागा तीन वर्षं रिकामी होती आणि संस्थेत कुणाला त्याची घाई नव्हती. आधीच्या अधीक्षकाच्या काळात गाडीभर लाकूड शाळेच्या नावावर यायचं आणि दुसऱ्याच दारात उतरायचं. मी त्याबद्दल पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. त्यामुळे अधीक्षक म्हटला की माझे डोळे आपोआप बारीक होत.

या अधीक्षकाचं तर सगळंच मला खटकायचं. तो मुलांच्या पंगतीत बसून जेवायचा. प्रत्येक मुलाचा पाडा त्याला ठाऊक होता. तो स्वतःच दहा वर्षं अशाच शाळेत राहून शिकलेला, मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा. माझ्या प्रयोगशाळेतलं डुगडुगणारं टेबल एके दिवशी डुगडुगायचं थांबलं. खाली वाकून पाहिलं तर पायाखाली फरशीचा तुकडा, नीट घासून बसवलेला. मला न विचारता. मी तडक जाऊन सांगितलं, की माझ्या प्रयोगशाळेतल्या वस्तूंना हात लावायचा तर आधी विचारायचं. त्यानं बरं म्हटलं. मग दोन पावलं गेल्यावर वळून विचारलं, "बाई, पेढे संपले का हो?"

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्याला ते कळलं असेल याची मला खात्री नव्हती, आणि याचाही राग येत होता.

डिसेंबर लागला. आमच्याकडची थंडी डोंगरावरची, पहाटे बोटं वाकत नाहीत. मुली ओल्या केसांनी वर्गात यायच्या, ओठ निळे पडलेले. आठवीतली बायडी तर खोकून खोकून वाकायची. मी तिला विचारलं, आंघोळीला गरम पाणी मिळत नाही का. ती म्हणाली, "बाई, पानी गरम नाय, गार पन नाय. अंगावर घेतलं तं अजूनच काकडाय होतं."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी थर्मामीटर घेऊन मुलींच्या न्हाणीघरामागे उभी. तिथं दगड-सिमेंटचा हौद. त्यात गार पाणी दोनशे लिटर, मी बादलीनं मोजून घेतलं. गार पाणी चौदा अंश. चुलीवरचं पाणी नव्वद. चूल सांभाळणारा ढवळू कामाठी म्हणाला, रोजच्यासारखं पाच हंडं वततो, वीस लिटरचा एक. मी चुलीकडचं तापमान घेऊन मुलींना उठवायला गेले. परत आले तेव्हा पाणी ओतून झालं होतं आणि मुली रांगेत उभ्या होत्या. हौदात थर्मामीटर बुडवला. तेहेतीस.

आता यात कोडं काही नाही. गरम पाणी जेवढी उष्णता सोडतं तेवढीच गार पाणी घेतं. दोनशे लिटर पाणी एकोणीस अंशांनी तापलं, गुणाकार अडतीसशे. गरम पाणी नव्वदवरून तेहेतीसवर उतरलं, म्हणजे सत्तावन्न अंश. अडतीसशेला सत्तावन्नानं भागलं की ओतलेलं गरम पाणी किती ते निघतं. सदुसष्ट लिटर. साडेतीन हंडेसुद्धा नाहीत. पाच हंड्यांचं लाकूड जळतंय आणि साडेतीन हंड्यांचं पाणी येतंय, म्हणजे पुन्हा तेच सुरू झालं होतं. आणि हा माणूस मुलांच्या पंगतीत बसून जेवत होता.

मी कागद घेऊन गेले. तो सरपण रचत होता.

"दीड हंडा पाणी रोज कुठं जातं?"

त्यानं हात झटकले, कागद घेतला. पाचही हंडे त्याच्यासमोर ओतले जातात म्हणाला. ढवळूकाकाची कंबर धरलीय, त्यामुळे तीन तरी तोच उचलतो. मी म्हटलं, पाणी तसं सांगत नाही. त्यानं एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. कपाळावर आठी होती. मग त्यानं मान वर केली आणि... मला वाटलं, तो हसतोय.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "पण बाई, हौदाला पण थंडी वाजत असेल ना?"

बस. पोरी काकडतायत आणि याला थट्टा सुचतेय. मी त्याच दिवशी संस्थेच्या सचिवांना तक्रार लिहिली, सोबत गणित जोडलं, सदुसष्टच्या खाली लाल शाईनं दोन रेघा ओढल्या आणि मोखाड्याला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती लिफाफा दिला. गंमत म्हणजे या पत्राची मात्र लगेच दखल घेतली गेली. आधीच्या अधीक्षकाचे वरती हितसंबंध होते, याचं कोणी नव्हतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

आठ दिवसांनी नववीला उष्णतेचा धडा आला. तांब्याचा कॅलरीमापी टेबलावर ठेवला. लोखंडाचा तुकडा उकळत्या पाण्यातून काढून त्यात टाकला, तापमान लिहिलं आणि फळ्याकडे वळून समीकरण लिहू लागले. गरम वस्तूनं गमावलेली उष्णता बरोबर पाण्यानं मिळवलेली उष्णता, अधिक...

"...कॅलरीमापीनं मिळवलेली," मी लिहिलं.

"बाई, भांड्याला कशाला द्यायची?" मागून एका मुलीनं विचारलं.

"कारण भांडंही गारच असतं," मी म्हणाले. दर वर्षी म्हणते, पाठ आहे मला. "ते आधी आपला वाटा घेतं, मग..."

खडू तिथंच थांबला. दगड-सिमेंटचा हौद. वीतभर जाड भिंती. रात्रभर उघड्यावर गारठलेला. वाटीएवढ्या तांब्याच्या भांड्याला मी वाटा देत होते आणि त्या धोंड्याला विसरले होते. हंड्यातून पाणी नेताना ओसरते ती ऊब वेगळीच. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या बाईनं, रोज मुलांना शिकवून, मोजणाऱ्या भांड्यालाच सोडून दिलं होतं. आणि एका माणसाला चोर ठरवून मोकळी झाली होती.

डस्टर हातात तसंच घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. कमलेश तांदूळ निवडत बसला होता.

"तुम्ही मला नीट का सांगितलं नाही?" मी विचारलं. माफी मागायची म्हणून गेले होते.

"सांगितलं होतं."

"ते सांगणं होतं? ती थट्टा होती."

"थट्टा नव्हती, बाई." तो पहिल्यांदाच थोडा दुखावलेला दिसला. "मी बी.ए., इतिहास. मला तुमच्यासारखं मांडता येत नव्हतं. आमची आई थंडीत नागलीची पेज ओतायच्या आधी मडक्यात कढत पाणी फिरवून टाकते. नायतर मडकंच पेज गार करतं. तेवढंच आठवलं... ते तसं तोंडातून निघालं."

मी चूक झाली म्हणाले. इतकं हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मी ओरडूनच म्हणाले, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. तो हसला नाही. माझ्या हातातलं डस्टर घेऊन त्यानं बाजूला ठेवलं. माझ्या हाताला लागलेला खडू त्याच्याही बोटांना लागला, तो त्यानं पुसला नाही.

मी म्हटलं, नुसतं म्हणून चालणार नाही, मोजून दाखवू. दुसऱ्या दिवशी पहाटे हौद रिकामा ठेवला. पत्र्याची दोन पिंपं घेतली, त्यांना गोणपाट गुंडाळलं, बाहेरून भाताचा पेंढा बांधला. तेच दोनशे लिटर गार पाणी, त्यात तेच पाच हंडे, आणि या वेळी प्रत्येक हंडा मी स्वतः मोजला. वरून झाकणं ठेवली. धुकं इतकं की चूल दिसत नव्हती, नुसता तिचा लाल उजेड दिसत होता. मुली रांगेत आल्यावर झाकण काढलं आणि थर्मामीटर बुडवला. माझ्या चष्म्यावर वाफ बसली, काही दिसेना. कमलेशनं कंदील वर धरला, मफलरचं टोक पुढं केलं. मी चष्मा पुसला. आमची डोकी एकाच थर्मामीटरवर वाकलेली होती.

"अडतीस," तो हळूच म्हणाला.

अडतीस. हौदात तेहेतीस, पिंपात अडतीस. पाच अंश त्या हौदानं आणि उघड्या वाऱ्यानं खाल्ले होते, माणसानं नव्हे. मी आकडा वहीत लिहिला. पण तो अजून तसाच वाकलेला होता, कंदील धरून, आणि थर्मामीटरकडे बघत नव्हता.

त्या दिवशी बायडी पिंपापाशी एवढा वेळ बसली, की पुढच्या मुली भांडायला लागल्या.

"आज मी तक्रार मागे घेते," मी म्हणाले. "हे आकडे जोडून पत्र लिहिते."

तो चुलीतली लाकडं मागे ओढत होता. "नको."

"का नको?"

"मी... काल सकाळी लिहून दिलंय. तुम्ही ते डस्टर घेऊन यायच्या आधी. सचिवांची नोटीस आली होती. मी लिहिलं, तीनच हंडे ओतत होतो, चूक झाली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं खाली बघत सांगितलं. तक्रार खोटी ठरली तर दोष माझ्यावर येणार. मी अजून टेंपररी, जूनमध्ये मला कायम करायचं की नाही ते याच सचिवांच्या हातात. त्याचं काय, तो कुठंही जाईल, कुठलंही काम करील.

आयुष्यात मी पुष्कळांवर चिडले आहे. जीपवाल्यांवर, संस्थेवर, न आलेल्या उत्तरांवर. पण त्या सकाळी जो राग आला तो अंगात मावेना.

"तुम्ही खोटं लिहिलंत? माझ्या गणितासाठी?"

"तुमचं उत्तर चुकू नये म्हणून."

"ते चुकलेलंच आहे. चुकलेलं उत्तर दुरुस्त करायचं असतं. त्याला जुळेल असा चोर उभा करायचा नसतो. आणि कुठंही जाईन म्हणजे काय? कुणाला विचारून? तुम्ही गेलात तर मी इथं..."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते अजिबात नको होतं. त्यानं मफलर पुढं केला. मी तो ढकलून दिला.

दहाच्या जीपनं आम्ही जव्हारला निघालो. मी पुढं बसले, तो मागं. कार्यालयात सचिवांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एक त्याचा कबुलीचा, एक मी जीपमध्ये गुडघ्यावर लिहिलेला. मी त्यांना हौदाची जाडी सांगितली, तेहेतीस आणि अडतीस सांगितलं, कॅलरीमापीचा वाटा सांगितला. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"ज्याच्यावर आळ तो म्हणतो मी केलं," ते म्हणाले. "जिनं आळ घेतला ती म्हणते त्यानं नाही केलं. तुमचं दोघांचं नेमकं काय चाललंय?"

कमलेशचे कान लाल झाले. मी म्हटलं, पाण्याचं चाललंय. सचिवांना पाण्यात रस नव्हता. त्यांना फाईल बंद करायची होती. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. अधीक्षकाची कबुली खरी धरायची, तर तो आजपासून घरी. तक्रार खोटी धरायची, तर मला मेमो, आणि जूनची कायम होण्याची ऑर्डर एक वर्ष पुढं. बेपर्वा आरोप केल्याबद्दल. गाडीभर लाकूड गेलं तेव्हा माझी सहा पत्रं कपाटात राहिली, त्याबद्दल कुणालाच मेमो नव्हता. मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

कमलेश उठला. "साहेब, माझंच..."

"तुम्ही बसा," मी म्हणाले.

तो बसला. मी मेमोवर सही केली. सही करताना म्हटलं, की मुलींच्या आंघोळीसाठी पत्र्याची दोन नवी पिंपं आजच मंजूर करा, तेही लिहून. सचिवांनी वैतागून लिहून दिलं. कबुलीचा कागद मी त्यांच्या टेबलावरून उचलला आणि तिथंच फाडला.

आम्ही डेपोवर आलो. ऊन चढलं होतं, फलाटावर बाजाराच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. कमलेश खांबाला टेकून उभा राहिला.

"तुमचं वर्ष गेलं," तो म्हणाला.

"माझी चूक, माझं वर्ष."

"बाई..."

"बाई म्हणू नका मला आता."

तो जमिनीकडे बघत, तुटक तुटक बोलायला लागला. माझ्या वडिलांना भेटायचं त्याच्या मनात होतं. त्या जीपच्या दिवसापासून. म्हातारीला त्यानं लग्न जमलंय सांगितलं, तेव्हा नुसतं तोंडातून गेलं होतं, आणि मोखाडा येईपर्यंत तो बाहेर बघत विचार करत होता, की खरंच कुणाशी जमलं असेल तर... पण आम्ही जव्हारचे, घरात तीन पिढ्या मास्तर. तो पाड्यावरचा. आधी नोकरी पक्की होऊ दे, आधी हातात काही असू दे, मग विचारू, असं त्यानं ठरवलं होतं.

मी ऐकत होते आणि माझा पारा चढत होता. म्हणजे माझ्या वडिलांचा विचार केला, मास्तरांच्या पिढ्यांचा केला, नोकरीचा केला. काल सकाळी ती नोकरीही माझ्यासाठी देऊन टाकली. फक्त मला विचारायचं तेवढं राहिलं.

"मला काय वाटतं ते कधी विचारणार होतात?"

त्यानं मान वर केली. "काय वाटतं?"

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की टोपलीवाल्या बायका बोलायच्या थांबल्या. "टेबलाखाली फरशी घातलीत तेव्हापासून. आणि मला ते आवडणं अजिबात आवडलेलं नाही. चला."

"कुठं?"

"घरी. बाबा रिटायर झालेत, या वेळी घरीच असतात."

"आज?" त्यानं स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. बाहीला पहाटेची राख होती. "असाच?"

"असाच." मी आवाज खाली आणला, कारण पुढचं फक्त त्याला सांगायचं होतं. "माझ्या चुलतबहिणीनं, उज्ज्वलानं, पाड्यावरच्या मुलाशी लग्न केलं, तर बाबा तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. मला सगळं ठाऊक आहे ते काय म्हणतील. म्हणून आत्ता चला, मी चिडलेली आहे तोवर. राग उतरला की मला भीती वाटायला लागेल."

मोखाड्याची गाडी फलाटाला लागली. लोक धावले. तो जागचा हलला नाही. माझ्या खांद्यावरची पिशवी त्यानं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"घर किती लांब आहे?"

"चालत दहा मिनिटं."

"तेवढा वेळ टिकेल राग?"

"तुम्ही असेच प्रश्न विचारत राहिलात," मी म्हणाले, "तर जन्मभर टिकेल."